सारा : एका नांवाची कथा

बाराव्या दिवशीं पाळण्यांत घातलेल्या मुलीच्या कानांत आत्या जेव्हां तिचें नांव सांगते, तेव्हां त्या नांवाचा धातु कोणता, तें कोणत्या देशांतून आलें, असल्या प्रश्नांकडे घरांतील कोणाचेंहि लक्ष नसतें. आजीचें नांव पुढें चालावें, पत्रिकेंतील अक्षर जुळावें, किंवा हांक मारतांना कानाला गोड लागावें, एवढ्यावरच बहुधा निवड होते. परंतु नांव कांहीं त्या दिवशीं जन्मास आलेलें नसतें. पाळण्यापर्यंत येण्यापूर्वीं त्यानें पुष्कळ वाट चाललेली असते, आणि वाटेंत कोणीं त्याचा मान केलेला असतो तर कोणीं अपमानहि केलेला असतो. 'सारा' हें नांव अशांपैकींच एक होय.

मराठी कानाला हा शब्द ऐकतांच प्रथम शेतसारा आठवतो, नाहीं तर 'सगळा' या अर्थाचें विशेषण आठवतें. परंतु भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर वाढलेल्या हिब्रू भाषेंत याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ स्वामिनी, अधिकारिणी, राजकुलांतील स्त्री असा आहे. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिन्ही समाजांत हें नांव शतकानुशतकें चालत आलें आहे. त्याच्या इतिहासांत एक विलक्षण गोष्ट घडली. तें दोनदां आज्ञेनें दिलें गेलें. पहिल्या वेळीं तें वरदान म्हणून दिलें गेलें आणि दुसऱ्या वेळीं, इसवी सन १९३८ मध्यें, डाग म्हणून. अक्षरें तींच आणि उच्चारहि तोच; परंतु देणाऱ्याचा हेतु निराळा.

प्रथम शब्दाकडे पाहूं. हिब्रू, अरबी, प्राचीन बाबिलोनची अक्कदी या एकाच कुळांतल्या भाषा. या भाषांत शब्दाचा सांगाडा व्यंजनांचा असतो आणि स्वरांच्या फेरफारानें त्याच सांगाड्यावर निरनिराळे शब्द उभे राहतात. हिब्रूंत 'सर' म्हणजे अधिकारी, नायक, सेनापति. बायबलांतील योसेफाच्या कथेंत फारो राजाच्या पेयांचा जो मुख्य अधिकारी तुरुंगांत पडतो, त्याची पदवी याच शब्दानें सांगितली आहे. याचें स्त्रीलिंगी रूप 'सारा'. शलमोन राजाच्या सातशें राजकुलीन स्त्रियांचा उल्लेख करतांना याच शब्दाचें अनेकवचन येतें, आणि उद्ध्वस्त झालेल्या यरुशलेम नगरीचा विलाप करणारा कवि तिला एके काळची प्रांतांची स्वामिनी म्हणतो, तेव्हांहि शब्द हाच आहे. मराठींतील 'सरदार' आणि 'सरकार' यांतला 'सर' मात्र फारसी आहे आणि त्याचा अर्थ मस्तक. उच्चारसाम्यामुळें या दोहोंचें नातें जोडण्याचा मोह होतो, पण तें नातें खरें नाहीं.

खरें नातें आहे तें अक्कदी भाषेशीं. त्या भाषेंत राजाला 'शर्रु' म्हणत आणि राणीला 'शर्रतु'. इतिहासांत सार्गोन म्हणून प्रसिद्ध असलेल्या सम्राटाच्या मूळ नांवाचा पूर्वार्ध हाच शब्द होय. गंमत अशी कीं, हिब्रूंत राजाला 'मेलेख' म्हणतात आणि 'सर' हा त्याच्या हाताखालचा अधिकारी. अक्कदींत 'शर्रु' हा राजा आणि 'मल्कु' हा त्याच्याहून कमी दर्जाचा अधिपति. दोन शेजारी भाषांनीं तेच दोन शब्द घेतले, आणि एकीनें ज्याला सिंहासनावर बसविलें त्याला दुसरीनें पायरीवर उभें केलें. शब्दांचें दैव असें पालटतें; मग नांवांचें पालटलें तर नवल नाहीं.

हें नांव धारण करणारी पहिली प्रसिद्ध स्त्री म्हणजे अब्राहामाची पत्नी. बायबलाच्या पहिल्या पुस्तकांत, उत्पत्तींत, तिची कथा आहे. आरंभीं तिचें नांव सारा नव्हतें; 'साराय' होतें. खास्दी लोकांच्या ऊर नगरांतून निघालेल्या घराण्याबरोबर ती बाहेर पडली आणि पुढील आयुष्य तिनें तंबूंत काढलें. तिच्याविषयीं ग्रंथ पहिली गोष्ट सांगतो ती हीच कीं, तिला मूल नव्हतें. संतान व्हावें म्हणून तिनें आपली मिसरी दासी हागार हिला नवऱ्याच्या स्वाधीन केलें; आणि दासी गर्भवती होतांच तिच्या डोळ्यांत आपली किंमत उतरली, हेंहि तिनें पाहिलें. मूल नसलेल्या स्त्रीला घरांतच कोणत्या दृष्टीला तोंड द्यावें लागतें, हें मराठी घरांना समजावून सांगावें लागत नाहीं.

अशा स्त्रीला वयाच्या नव्वदीच्या सुमारास नवें नांव मिळतें. परमेश्वर अब्राहामास सांगतो कीं, यापुढें हिला साराय म्हणूं नकोस, हिचें नांव सारा. हिला पुत्र होईल आणि हिच्यापासून राष्ट्रें व राजे निपजतील. आपल्याकडे लग्नांत नवरीचें नांव बदलण्याची चाल आहे आणि तें नवें नांव तिला नव्या घराशीं जोडतें. सारेचें नांव बदललें तें लग्नांत नव्हे. सर्व आशा संपल्यानंतर, एका वचनाबरोबर तें बदललें.

साराय आणि सारा यांत अर्थाचा फरक काय, यावर प्राचीन काळापासून विचार झाला आहे. आजचे भाषाशास्त्रज्ञ बहुधा असें मानतात कीं, हीं एकाच नांवाचीं दोन रूपें असून पहिल्यांतील प्रत्यय अधिक जुना आहे. परंतु यहुदी धर्मशास्त्र्यांनीं, ज्यांना राब्बी म्हणतात त्यांनीं, त्या फरकांत मोठा अर्थ पाहिला. साराय म्हणजे 'माझी स्वामिनी', म्हणजे आपल्या लोकांपुरती. सारा म्हणजे केवळ 'स्वामिनी', म्हणजे साऱ्या जगाची, असें तालमूदांत सांगितलें आहे. आपल्या लोकांपुरता असलेला मान सर्वांचा झाला, हें त्या विवरणाचें सार.

लेखनांत पाहिलें तर बदल एकाच अक्षराचा. साराय या नांवाच्या शेवटीं 'योद' हें हिब्रू वर्णमालेंतील सर्वांत लहान अक्षर होतें. तें गेलें आणि त्या जागीं 'हे' हें अक्षर आलें. हिब्रूंत अक्षरांनाच संख्यांची किंमत असते. योद म्हणजे दहा, हे म्हणजे पांच. राब्बी म्हणाले, सारायच्या दहांतून पांच सारेला राहिले आणि पांच अब्रामाला मिळून त्याचा अब्राहाम झाला. नवऱ्याच्या नांवांतील वाढ बायकोच्या नांवांतूनच आली. दुसरी आख्यायिका याहूनहि गोड आहे. आपणांस नांवांतून काढलें म्हणून तें चिमुकलें योद देवाकडे तक्रार घेऊन गेलें. देवानें त्याची समजूत घातली कीं, आतांपर्यंत तूं एका स्त्रीच्या नांवाच्या शेवटीं होतास, यापुढें एका पुरुषाच्या नांवाच्या आरंभीं बसशील. आणि मोशेचा शिष्य होशेय याचें नांव यहोशवा झालें तेव्हां योदला आपली जागा मिळाली. एवढ्याशा अक्षराचेंहि गाऱ्हाणें ऐकलें जातें, अशी श्रद्धा या कथेच्या मुळाशीं आहे.

इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत मिसर देशांतील आलेक्झांड्रिया नगरांत बायबलाच्या पहिल्या पांच पुस्तकांचें ग्रीक भाषांतर सुरू झालें, तेव्हां भाषांतरकारांपुढें अडचण उभी राहिली. हिब्रूंतील हा सूक्ष्म फरक ग्रीक लिपींत कसा दाखवावा? त्यांनीं सारायसाठीं 'सारा' असें लिहिलें आणि सारेसाठीं 'सार्रा', म्हणजे एक 'र' वाढविला. पुढें त्याच नगरांतील यहुदी तत्त्वज्ञ फिलो यानें नांवांच्या बदलावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. देवानें देऊन दिलें काय, तर एक अक्षर, अशी थट्टा करणारे लोक त्याच्याहि काळीं होते. फिलोचें उत्तर असें कीं, अक्षर हें केवळ चिन्ह. बदलतो तो मनुष्याचा स्वभाव आणि त्याची योग्यता.

सारेची योग्यता ग्रंथकारानें खुलवून सांगितली आहे, पण तिला देवी केलेलें नाहीं. तंबूच्या दारामागें उभी राहून ती पाहुण्यांचें बोलणें ऐकते. या वयांत आपणांस पुत्र होणार हें कानीं पडतांच ती मनांतल्या मनांत हंसते. कां हंसलीस असें विचारल्यावर भिऊन 'मी हंसलें नाहीं' म्हणते. पुढें खरोखरच मुलगा होतो आणि त्याचें नांव इसहाक ठेवतात. त्याचा अर्थच 'तो हंसतो'. जें हंसणें अविश्वासाचें होतें तेंच आनंदाचें झालें. परंतु याच सारेनें हागारला आणि तिच्या मुलाला घरांतून बाहेर काढविलें, हेंहि ग्रंथ लपवीत नाहीं. अब्राहामाला त्याचें फार दुःख झालें असें तो स्पष्ट सांगतो, आणि रानांत तहानेनें व्याकुळ झालेल्या त्या मायलेंकरांची हांक देवानें ऐकली असेंहि सांगतो. स्वामिनी या पदाबरोबर सत्ता येते, आणि सत्तेबरोबर कठोरपणाहि येऊं शकतो.

एकशें सत्तावीस वर्षांची होऊन सारा हेब्रोन येथें वारली. हिब्रू बायबलांत मृत्युसमयींचें वय सांगितलेली ती एकटीच स्त्री आहे. तिला मूठमाती देण्यासाठीं अब्राहामानें एफ्रोन हित्ती याच्याकडून मकपेला येथील शेत व गुहा चारशें शेकेल रुपें तोलून देऊन विकत घेतली. ज्या भूमीचें वचन त्याला मिळालें होतें, त्या भूमींतील त्याच्या मालकीचा पहिला तुकडा म्हणजे पत्नीची ही समाधि. त्या स्थळावर आजहि प्राचीन तटबंदीची वास्तु उभी आहे आणि यहुदी व मुसलमान दोघेहि तिला पवित्र मानतात.

ग्रंथांतील स्त्री अशी मृत्यु पावली, पण नांव चालत राहिलें. यहुदी घरांत शुक्रवारीं संध्याकाळीं शब्बाथाचे दिवे लागल्यावर बाप मुलींच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद देतो कीं, देव तुला सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांच्यासारखी करो. परधर्मांतून यहुदी धर्मांत आलेल्या स्त्रीला धर्मविधींत कोणाची मुलगी म्हणावें, हा प्रश्न असतो. तिला अब्राहाम व सारा यांची कन्या म्हणतात. जिला मूल नव्हतें ती अशा रीतीनें परक्यांचीहि आई झाली. मुसलमान परंपरेंत सारेला इब्राहीमची पत्नी म्हणून मोठा मान आहे. कुराणांत तिचें नांव येत नाहीं, परंतु पाहुण्यांची वार्ता ऐकून हंसणारी ती स्त्री तेथेंहि भेटते. इंग्लंडांत धर्मसुधारणेनंतर लोक बायबल स्वभाषेंत वाचूं लागले. संतांचीं नांवें मागें पडून बायबलांतील नांवें घरोघर आलीं आणि सारा हें नांव तेथें सर्वसामान्य झालें. त्याचें लाडकें रूप 'सॅली'. र चा ल करण्याची ही खोड इंग्रजांची जुनीच. मेरीची मॉली आणि डॉरोथीची डॉली याच वाटेनें झाली.

जें नांव पश्चिमेकडे इंग्लंडपर्यंत गेलें, तें पूर्वेकडे कोंकणच्या किनाऱ्यावरहि आलें. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांतील गांवांत पिढ्यान्पिढ्या तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' या नांवानें ओळखले जाणारे बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर हीं त्यांचीं आडनांवें गांवांवरून पडलेलीं. त्यांच्यांतील सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनीं १७९६ मध्यें मुंबईंत त्या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. या घरांतून हिब्रू नांवाला मराठी 'बाई' जोडली गेली आणि सारेची साराबाई झाली. यहुदी नववर्षदिनाला हा समाज 'नव्याचा सण' म्हणतो. त्या दिवशीं प्रार्थनामंदिरांत उत्पत्तीच्या पुस्तकांतील जो भाग वाचण्याचा यहुदी प्रघात आहे, तो देवानें सारेची आठवण केली आणि तिला पुत्र झाला हाच होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या समाजांत बायबलांतील आख्यानांवर मराठी कीर्तनें होऊं लागलीं, आणि अब्राहामाच्या घरची कथा टाळमृदंगाच्या साथीनें गाइली गेली. मराठी ख्रिस्ती घरांतहि हें नांव रुळलें. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें. कोंकणांत या नांवाला कोणीं कधीं बोट लावलें नाहीं. घाणा बंद ठेवणाऱ्याच्या घरांत एक साराबाई असते, एवढेंच शेजाऱ्यांना ठाऊक होतें आणि तेवढें त्यांना पुरे होतें.

जर्मनींत तें पुरेसें झालें नाहीं. १८७१ मध्यें जर्मन साम्राज्य स्थापन झालें तेव्हां तेथील यहुद्यांना कायद्यानें समान नागरिकत्व मिळालें होतें. त्यांनीं ती भाषा, ती विद्या, तो देश आपला मानला, आणि मुलींचीं नांवेंहि शेजाऱ्यांसारखींच ठेवलीं. गेरट्रूड, मार्गारेटे, शार्लोटे अशीं. उलट शेजारच्या ख्रिस्ती घरांतील आना, एलिझाबेट आणि मारिया हीं नांवें मुळांत हिब्रूच होतीं, पण तीं परकीं आहेत असें कोणास वाटत नसे. नांवावरून यहुदी ओळखतां येऊं नये इतकें हें मिश्रण झालें होतें. १९३३ मध्यें सत्तेवर आलेल्या नाझी पक्षाला नेमकें हेंच सलत होतें. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनीं यहुद्यांचें नागरिकत्व हिरावून घेतलें. मग पाळी आली नांवांची.

१७ ऑगस्ट १९३८ रोजीं एक हुकूम निघाला. गृहखात्यानें यहुदी नांवांची एक यादी केली. ज्या यहुदी पुरुषाचें नांव त्या यादींत नसेल त्यानें आपल्या नांवाला 'इस्राएल' आणि स्त्रीनें 'सारा' हें नांव जोडलें पाहिजे, आणि १ जानेवारी १९३९ पासून प्रत्येक व्यवहारांत तें लिहिलें पाहिजे, अशी त्यांत सक्ति होती. न लिहिणाऱ्यास शिक्षा. जन्माच्या आणि विवाहाच्या नोंदवहींत जुन्या नोंदीशेजारीं नवें नांव चढलें. ज्या आजीबाईंना साठ वर्षें एकाच नांवानें हांक मारली गेली होती, त्यांना कचेरींत जाऊन आपलें नांव आतां निराळें आहे हें स्वतःच कळवावें लागलें. बारशाला आत्या असते, गोडधोड असतें. येथें टांक, शिक्का आणि कारकून होता.

लाखों निरनिराळ्या स्त्रियांना एकच नांव देण्यांतला हेतु उघड होता. नांव माणसाला इतरांपासून वेगळें करतें. येथें तें वेगळेपण पुसून सगळ्यांना एका गठ्ठ्यांत बांधण्यासाठीं नांवाचाच उपयोग केला गेला. यादी करणें, ओळखपत्र तपासणें, पुढें गाड्यांत भरणें, हें सर्व त्या एका शब्दानें सोपें झालें. त्या हुकुमाच्या कक्षेंत बर्लिनची रेगिना योनास आली. १९३५ मध्यें राब्बीची दीक्षा मिळालेली ती जगांतील पहिली स्त्री. १९४२ मध्यें तिला तेरेझीनच्या छावणींत नेलें. तेथेंहि ती व्याख्यानें व प्रवचनें देत राहिली. १९४४ मध्यें आउश्वित्स येथें तिचा वध झाला. कवयित्री नेली झाक्स हीहि त्यांतलीच. ती १९४० मध्यें आईसह स्वीडनला निसटली आणि १९६६ मध्यें तिला नोबेल पारितोषिक मिळालें. अशा दोघींचीं नांवें इतिहासाला ठाऊक आहेत. बाकीच्या असंख्य स्त्रियांच्या मागें सरकारी कागदावरील 'सारा' एवढेंच राहिलें.

या हुकुमाच्या पोटांत एक विचित्र विपर्यास होता. निवडलेलीं दोन्ही नांवें बायबलांत जन्मतः मिळालेलीं नाहींत. याकोबाला रात्रभर झुंज दिल्यावर इस्राएल हें नांव मिळालें आणि सारायला वार्धक्यांत सारा हें नांव मिळालें. दोन्ही मागाहून दिलेलीं आणि दोन्ही आशीर्वादासह दिलेलीं. मागाहून नांव देण्याची देवाची कृति माणसांनीं उचलली, आणि तींतून आशीर्वाद तेवढा काढून घेतला. नवें नांव देतांना पहिल्या दात्यानें सांगितलें होतें कीं हिच्यापासून राष्ट्रें होतील. दुसऱ्या दात्यानें ठरविलें होतें कीं हिच्यामागें कोणी उरूं नये.

२० सप्टेंबर १९४५ रोजीं विजयी राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाच्या पहिल्याच कायद्यानें हा हुकूम रद्द झाला. त्याच्या रचनेंत हात असलेला हान्स ग्लोब्के हा अधिकारी मात्र पुढें १९५३ ते १९६३ या काळांत पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरच्या कार्यालयाचा प्रमुख राहिला. कायदा रद्द करणें सोपें असतें. त्याच्यामागची माणसें आणि संवयी इतक्या लवकर रद्द होत नाहींत.

नांवाचें पुढें काय झालें? १९४८ मध्यें इस्राएलचें राज्य स्थापन झालें. तेथील भाषेंत मंत्र्याला 'सर' म्हणतात आणि स्त्री मंत्री झाली तर तिला 'सारा', अक्षरेंहि तींच. १९४९ मध्यें गोल्डा मेयर मजूरमंत्री झाल्या, तेव्हां राज्यकारभाराच्या कागदांत तो शब्द आपल्या मूळ अर्थानें, अधिकारिणी या अर्थानें, पुन्हां लिहिला गेला. दहा वर्षांपूर्वीं जो शब्द कागदावर येणें म्हणजे सर्व अधिकार गमावणें होतें, तोच आतां अधिकाराची पदवी झाला.

आणि जर्मनींत? विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत तेथील नवजात मुलींच्या अत्यंत आवडत्या नांवांत सारा हें नांव येऊन बसलें. हें कोणीं हुकुमानें केलें नाहीं. यहुदी धर्माशीं कसलाहि संबंध नसलेल्या हजारों आयांनीं तें कानाला गोड लागलें म्हणून निवडलें. त्यांच्यांतील अनेकींच्या आज्या ज्या काळांत वाढल्या, त्या काळीं तोच शब्द शेजारणीच्या ओळखपत्रावर शिक्क्यासारखा मारलेला होता. ती आठवण त्यांच्या मनांत होती असें नव्हे. पण पाळण्याजवळ वाकून हलक्या आवाजांत तें नांव उच्चारलें गेलें, तेव्हां त्याच्यावरचा तो डाग, एकेका मुलीबरोबर, थोडथोडा पुसत गेला.